बोलायला शिकवताय ना, मग ऐकायची पण सोय करा: शिक्षक आणि पालकांना खुलं पत्र

नमस्कार सर, मॅडम, आणि माझ्यासारख्या सगळ्या आईबाबांनो,

हे पत्र कुठल्या एका शाळेवर किंवा एका टीचरवर राग काढायला लिहीत नाहीये. मी दोन मुलांची आई आहे, मुलगी चौथीत, मुलगा सातवीत, आणि घरी, शाळेत, ग्राउंडवर जे बघत आलेय त्यावरून एक गोष्ट मनात पक्की झालीय, ती तुमच्यापुढे ठेवायचीय. थोडं लांबेल पण पूर्ण वाचा प्लीज.

आपण सगळेच मुलांना सांगतो की अन्याय सहन करायचा नाही, चुकीचं दिसलं तर बोलायचं, घाबरायचं नाही. गोष्टींमधून सांगतो, भाषणांत सांगतो, फळ्यावर सुविचार म्हणून लिहितो. आणि मग एक दिवस मूल खरंच बोलतं. आता तुम्हीच सांगा, आठ-दहा वर्षांचं मूल पहिल्यांदा बोलणार तरी कोणाविरुद्ध? त्याच्या जगात त्याच्यावर हुकूम कोणाचा चालतो? आईबाबांचा, टीचरचा, मोठ्या भावंडांचा, ग्राउंडवरच्या कोचचा. म्हणजे ते पहिल्यांदा तोंड उघडणार ते आपल्याविरुद्धच, "तुम्ही मला न विचारताच ओरडलात" असं काहीतरी म्हणणार, आणि नेमकं त्याच वेळी आपल्या तोंडून निघतं "उलट बोलायचं नाही". झालं, धडा मिळाला त्याला. अन्यायाविरुद्ध बोलायचं असतं ते पुस्तकातल्या लोकांनी, आपण बोललो तर ओरडा बसतो, हा तो धडा, आणि हा सुविचारापेक्षा कितीतरी जास्त दिवस लक्षात राहतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की मुलांना बोलायला शिकवण्याआधी आपण त्यांचं, तेही आपल्याविरुद्धचं, ऐकून घ्यायची काहीतरी पक्की सोय केली पाहिजे. सोय म्हणतेय मी. टीचरचा स्वभाव प्रेमळ असला की काम भागतं असं नसतं, वर्ग बदलला की टीचर बदलतात.

मुळात न्याय-अन्यायाची जाणीव मुलांना बाहेरून द्यावी लागत नाही हो, ती असतेच. घरात दोन मुलं असलेल्या कोणालाही विचारा. पण ती जाणीव येते तीसुद्धा अर्धीच, आणि हे मला एका रिसर्चबद्दल वाचल्यावर नीट कळलं. २०१५ साली नेचर या सायन्स मॅगझिनमध्ये सात देशांतल्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात भारत होता, कॅनडा, अमेरिका, मेक्सिको, पेरू, सेनेगल, युगांडा होते, मुलं ४ ते १५ वर्षांची. खेळ साधा होता. दोन मुलं समोरासमोर बसवायची, त्यांच्यात खाऊ वाटून ठेवायचा, आणि एका मुलाच्या हातात दोन दांडे, एक ओढला तर ही वाटणी मान्य, दुसरा ओढला तर कोणालाच काही नाही. सातही देशांत दिसलं काय, की एका वयानंतर मुलं स्वतःला कमी मिळत असेल तर वाटणी उधळून लावतात, म्हणजे मला एक आणि तिला चार असेल तर नकोच, कोणालाच नको. पण स्वतःला जास्त मिळतंय म्हणून नाही म्हणणं, मला चार आणि तिला एक हे बरोबर नाही म्हणून दांडा ओढणं, हे फक्त तीनच देशांत दिसलं, तेही मोठ्या मुलांमध्ये. यावरून कुठल्या देशातली मुलं चांगली असा निष्कर्ष काढू नका, तो विषयच नाहीये. मला त्यातून कळलं ते एवढंच की माझ्यावर अन्याय झाला हे कळणं सगळीकडे आपोआप येतं, आणि माझ्या फायद्यासाठी दुसऱ्यावर अन्याय झालाय हे कळून त्यावर बोलणं सगळीकडे आपोआप येत नाही, आजूबाजूला काय चालतं त्यावरही ते असणार. म्हणजे शिकवायचं खरं काम तिथे आहे. आणि आपण तर सगळा जोर "तुझ्यावर अन्याय झाला तर बोल" यावरच देतो.

हे जवळून बघायला मिळालं ते मुलाच्या पेपरच्या वेळी. गणिताचा पेपर तपासून मिळाला, घरी आल्यावर त्याने सवयीने मार्कांची बेरीज केली तर ४ मार्क जास्त पडलेले. मागच्या पानावरचे मार्क दोनदा धरले गेले होते. संध्याकाळभर तो पेपर घेऊन इकडून तिकडे फिरत होता, मला विचारलं सांगू का, मी म्हटलं तुला काय वाटतं, तर म्हणाला कमी पडले असते तर लगेच सांगितलं असतं ना मी, मग आता का नाही. बघा, कुठलंही तत्त्वज्ञान नाही, बाजू उलटी करून बघितली इतकंच. दुसऱ्या दिवशी गेला, सांगितलं. पोरं हसली म्हणे, वेडा आहेस का वगैरे. पण टीचरनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी ४ मार्क कमी केले, म्हणजे बक्षीस म्हणून ठेवून दिले नाहीत, आणि वर्गाला म्हणाल्या की माझी बेरीज चुकलीय, तर आता सगळ्यांनी आपापली करून बघा. त्यात आणखी दोन मुलांचे मार्क वाढले. हसणारी पोरं आपोआप गप्प. एका मुलाच्या बोलण्यामुळे चूक दुरुस्त करायची वाट सगळ्यांसाठी उघडली आणि टीचरचा मान कमी झाला नाही, उलट मुलं त्यांच्याकडे आता बिनधास्त जातात.

आता दुसरी बाजू पण सांगते, कारण ती जास्त वेळा दिसते. अख्ख्या वर्गाला शिक्षा. मागच्या बाकांवरून कोणीतरी आवाज केला, कोण ते कळलं नाही, किंवा कळलं तरी सांगायला कोणी तयार नाही, मग सगळ्यांची रिसेस बंद, सगळे डोकं खाली घालून बसा. माझी मुलगी त्या दिवशी घरी आली तेव्हा रडत वगैरे नव्हती, बॅग ठेवली, बूट काढले, आणि शांतपणे विचारलं, "मी गप्प बसले होते त्याचा काय उपयोग झाला?" मला रिसेस गेल्याचं दुःख नाही वाटलं, तो प्रश्न लागला. कारण उत्तर खरंच नव्हतं. ती गप्प बसली काय आणि ओरडली काय, हिशोब एकच होता. आणि पुढचं वाक्य तर आणखी लागणारं होतं, "मी टीचरला सांगायला गेले तर म्हणाल्या की मग तुला पण वेगळी शिक्षा हवीय का."

मला माहितीये, चाळीस-पन्नास मुलं एका वर्गात, एक टीचर, सिलॅबस डोक्यावर, माणूस वैतागतोच, मी तुमच्या जागी उभी राहून हे बोलत नाहीये याची मला जाणीव आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं ३३ वं कलम आहे, युद्धात शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या साध्या नागरिकांसाठीचं, त्यात स्पष्ट म्हटलंय की जो गुन्हा एखाद्याने स्वतः केलेला नाही त्याची शिक्षा त्याला देता येणार नाही, सामूहिक शिक्षेला बंदी. वर्ग म्हणजे युद्ध नव्हे आणि रिसेस बंद करणं हा काही युद्धगुन्हा नव्हे, ते कळतं. पण महायुद्ध बघून बसलेल्या मोठ्या माणसांना जे इतकं उघड वाटलं की लिहून ठेवावं, तेच चौथीतल्या मुलीला पण वाटतं, तर तिचं वाटणं हट्ट किंवा बालिशपणा नाही एवढं तरी मान्य करूया. शिवाय अशा शिक्षेमुळे होतं काय, की मुलं त्या आवाज करणाऱ्याला मधल्या वेळात गाठतात, म्हणजे शिक्षा द्यायचं काम आपण मुलांच्या टोळीवर सोपवतो. त्या मुलाचं पुढे काय होतं ते कोणी बघायला जात नाही.

तो मुलगा बहुतेक वेळा ठरलेला असतो, हे पण बोलायला हवं. प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं अशी असतात की काही पडलं, फुटलं, हरवलं की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळतात. दहापैकी सात वेळा त्यानेच केलेलंही असेल. पण उरलेल्या तीन वेळा तो जेव्हा म्हणतो "मी नाही केलं" तेव्हा त्याचं कोणी ऐकून घेत नाही, आणि त्याला हे कळतं, की खरं बोललो काय आणि खोटं बोललो काय, फरक पडत नाही. मग तो खरं बोलायचं सोडतो. हुशार, टापटीप, टीचरच्या आवडत्या मुलाने तक्रार केली तर आपण ऐकतो, आणि त्याच तक्रारीसाठी ह्याला म्हणतो तू आधी स्वतःचं बघ. न्याय शिकवायचा तर त्याची खरी परीक्षा ह्या मुलाच्या तक्रारीत आहे, कारण बाकीचा वर्ग बघत असतो की ह्याचं ऐकलं जातंय का. ह्याचं ऐकलं गेलं तर आपलं पण ऐकलं जाईल असं मागच्या बाकावरच्या लाजाळू मुलीला वाटतं.

ही सोय वगैरे मी म्हणतेय ती काही हवेतली गोष्ट नाही, हे कोणीतरी करून दाखवलंय, आणि तेही शंभरेक वर्षांपूर्वी. पोलंडमध्ये वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक नावाचा एक माणूस होता, खरं नाव हेन्रिक गोल्डश्मित, मुलांचा डॉक्टर, कोर्चाक हे त्याचं लेखनातलं नाव. १९१२ पासून तो ज्यू मुलांचा एक अनाथाश्रम चालवत होता, बरोबर स्तेफानिया विल्चिन्स्का नावाच्या बाई होत्या, ज्यांचं नाव फार कोणी घेत नाही पण रोजचं घर त्यांच्यामुळे चालायचं. तिथे त्याने मुलांचं कोर्ट सुरू केलं. खरंखुरं, दर आठवड्याला बसणारं. कोणाला कोणाविरुद्ध तक्रार असेल त्याने बोर्डवर नाव लिहायचं, आणि न्यायाधीश म्हणजे पाच मुलं, तीही चिठ्ठ्या टाकून काढलेली, ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही केस नाही अशांमधून. मोठी माणसं न्यायाधीश नाहीत. आणि तक्रार फक्त मुलांविरुद्धच करायची असंही नाही, तिथल्या मोठ्यांवरही केस करता यायची, आणि मुलांनी खुद्द कोर्चाकवर केसेस केल्या, तो त्या कोर्टासमोर उभा राहिला. संस्थेचा प्रमुख, शहरात नाव असलेला डॉक्टर आणि लेखक, दहा-बारा वर्षांच्या पोरांसमोर आपली बाजू सांगतोय, हे डोळ्यासमोर आणून बघा.

त्या कोर्टाचा कायदाही लिहिलेला होता आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पहिली ९९ कलमं ही सोडून देण्याची, माफ करण्याची होती. तक्रार मागे घेतली, आरोपात तथ्य नाही, मुद्दाम केलं नव्हतं, त्याला माहीत नव्हतं, पुन्हा करणार नाही म्हणतोय, अशा धर्तीवर. शंभराव्यापासून पुढे तू हे केलंस, हे चुकलं असं म्हणायला सुरुवात, आणि अगदी शेवटी १००० वं कलम, संस्थेतून काढण्याचं. म्हणजे तक्रार केली की समोरच्याचं वाटोळं होणार असं नाही, म्हणून तक्रार करायलाही भीती नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे मूल तक्रार करत नाही त्याचं एक कारण हेही असतं की मित्राला मार बसेल, टीचरची नोकरी जाईल, बाबा शाळेत येऊन तमाशा करतील. त्याला एवढंच हवं असतं की जे चाललंय ते थांबावं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्या आश्रमातल्या मुलांना ट्रेब्लिंका इथे मारायला नेलं, कोर्चाकला स्वतःला वाचायची संधी असून तो मुलांना सोडून गेला नाही, विल्चिन्स्का बाईही त्यांच्याबरोबर गेल्या. लोकांना त्याच्याबद्दल हेच जास्त माहीत असतं. पण त्याआधीची ती सगळी वर्षं, जेव्हा तो रोज मुलांना खरं माणूस समजून वागवत होता, ती आपल्या जास्त कामाची आहेत, कारण ते आपल्याला करता येण्यासारखं आहे.

पुढे १९७८ मध्ये पोलंडनेच संयुक्त राष्ट्रांत मुलांच्या हक्कांचा करार व्हावा असा प्रस्ताव मांडला, २० नोव्हेंबर १९८९ ला तो करार मंजूर झाला, आणि आज जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी तो मान्य केलाय. त्यातलं १२ वं कलम प्रत्येक स्टाफरूममध्ये लावावं असं मला वाटतं. त्यात काय आहे, की ज्या मुलाला स्वतःचं मत बनवता येतं त्याला त्याच्याशी संबंधित सगळ्या बाबतीत ते मत मोकळेपणाने मांडायचा हक्क आहे, आणि त्या मताला त्याचं वय आणि समज बघून योग्य ते वजन द्यायचं. नीट वाचलंत तर कळेल, मूल म्हणेल तसंच करा असं कुठेही नाहीये. निर्णय मोठ्यांचाच असू शकतो, "नाही" हे "नाही"च राहू शकतं, फक्त ते ऐकून घेतल्यानंतर आलं पाहिजे आणि का ते सांगितलं पाहिजे. झोपायची वेळ नऊ म्हणजे नऊ, ठीक आहे, पण दादाला दहा का हा प्रश्न विचारला म्हणून ओरडायचं कारण नाही, त्याचं उत्तर आहे आणि ते अर्ध्या मिनिटात देता येतं.

हे उत्तर देणं का महत्त्वाचं, तर मुलांना वाटणी समान नसली तरी चालते, पक्षपात चालत नाही. ६ ते ८ वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग आहे, दोन मुलांनी खोली साफ केलीय, त्यांना खोडरबर वाटायचेत, आणि खोडरबर पाच. पाचवा कोणाला द्यायचा? मुलं म्हणतात फेकून द्या. चांगला खोडरबर कचऱ्यात जाऊ दे पण एकाला जास्त नको. पण त्याच मुलांना सांगितलं की एकाने जास्त काम केलं होतं, की मग ती खुशाल त्याला जास्तीचा देतात. म्हणजे कारण पटलं तर कमी-जास्त त्यांना खुपत नाही. वर्गात एखाद्या मुलाला लिहायला जास्त वेळ मिळतो, एखादीला पुढच्या बाकावरच बसवतात, एखाद्याला मध्येच उठून फेरी मारायची परवानगी असते, आणि बाकीची मुलं कुरकुरतात. त्या मुलाची खाजगी गोष्ट न सांगताही हे समजावता येतं, की इथे ज्याला जे लागतं ते देतो आम्ही, तुला लागेल तेव्हा तुलाही मिळेल, माझ्याकडे येऊन सांग. पण ते शेवटचं वाक्य खरं करून दाखवावं लागतं.

बरं, मूल बोललं, ऐकलंही, पण त्यानंतर काय, यावर आपण अजिबात विचार करत नाही. क्लॉडेट कोल्विनची गोष्ट त्यासाठी सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी शहरात २ मार्च १९५५ ला ही १५ वर्षांची काळी मुलगी शाळेतून घरी जाताना बसमध्ये गोऱ्या बाईसाठी जागेवरून उठायला नाही म्हणाली. तेव्हा तिथे काळ्या प्रवाशांनी गोऱ्यांना जागा सोडायची अशी सक्ती होती, म्हणून पोलिसांनी तिला बेड्या घालून नेलं. रोझा पार्क्स यांनीही तिथेच बसमधली जागा सोडायला नकार दिला, ती जगाला माहीत असलेली घटना त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला घडली. कोल्विनच्या शाळेत त्या सुमाराला काळ्या लोकांचा इतिहास शिकवत होते, म्हणजे वर्गात शिकवलेलं तिने खरं मानलं आणि तसं वागली. आणि नंतर? तिथल्या मोठ्या पुढाऱ्यांनी तिला या भेदभावाविरुद्धच्या चळवळीचा चेहरा करायचं टाळलं, ती लहान आहे, तिचं कसं होईल, लोक काय म्हणतील वगैरे. तरी १९५६ मध्ये बसमधला तो भेदभाव बेकायदा ठरवणारी जी केस झाली त्यात फिर्यादी म्हणून ती होती, साक्षही दिली. आणि तिच्या नावावरचा तो जुना गुन्ह्याचा रेकॉर्ड पुसला गेला २०२१ च्या शेवटी, ती ८२ वर्षांची असताना. मला ही गोष्ट वाचून अभिमान वाटायच्या आधी राग आला. आपण मुलांना धैर्य शिकवतो आणि त्यांनी ते दाखवलं की त्याची किंमत त्यांची त्यांना भरू देतो. ज्या मुलीने मैत्रिणीला त्रास देणाऱ्या ग्रुपबद्दल सांगितलं, तिच्याशी उद्यापासून कोणी बोलत नाही, डब्याला कोणी शेजारी बसत नाही, हे शाळेला दिसतं का? पुढचा महिनाभर कोणी तिच्याकडे लक्ष ठेवून असतं का? ठेवलं पाहिजे.

आता बोलायला शिकवायचं कसं त्याबद्दल. हे कौशल्य आहे, हिंमत ऐन वेळी पुरत नाही, कारण त्या क्षणी मुलाच्या घशात आवंढा आलेला असतो, डोळे भरलेले असतात, आणि "हे फेअर नाहीये" एवढंच किंचाळून बाहेर पडतं. मग आपण आवाजावर बोलतो, मुद्दा राहून जातो. म्हणून शांत असताना सराव करून घ्यावा. काय झालं ते सांग, त्यात तुला काय चुकीचं वाटलं ते सांग, आणि आता काय व्हायला हवं ते सांग. तिसरी गोष्ट मुलांना सुचतच नाही, आणि तीच सगळ्यात उपयोगी आहे. "सर, काल पण मला बॅटिंग मिळाली नाही आणि आज पण नाही, उद्या मला पहिल्यांदा घ्याल का?" हे मूल भांडत नाहीये, मागतंय, आणि ह्याला सरांना उत्तर द्यावंच लागतं. बोलता येत नसेल तर लिहून दे, एकटं जायची भीती वाटत असेल तर मैत्रिणीला बरोबर ने, आत्ता राग आलाय तर उद्या बोल, उद्या बोललं म्हणून मुद्दा शिळा होत नाही. भावंडांच्या भांडणात तर मी आता निकालच देत नाही, आधी तिची बाजू त्याने सांगायची, त्याची तिने, तीही समोरचा "हो, असंच" म्हणेपर्यंत. अर्धी भांडणं तिथेच विरतात. उरलेल्यांना वेळ लागतो, पण लागू दे.

चहाडीचा प्रश्न येतोच. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला पोरं पळत येतात हे खरं आहे, दमायला होतं. पण "चहाड्या करू नकोस" हे सरसकट सांगून टाकलं तर ज्या मुलाला खरंच कोणी मारतंय, धमकावतंय, ते पण गप्प बसतं, आणि आपल्याला महिन्यांनी कळतं. त्यापेक्षा आलेल्या मुलाला विचारा की कोणाला लागलंय का, कोणी घाबरलंय का, की तुला फक्त त्याला ओरडा बसायला हवाय. मुलं बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर देतात, आणि हळूहळू स्वतःच ठरवायला लागतात.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट, त्यात काही चर्चा नको. जिथे मोठा माणूस मुलाला इजा करतोय, नको तिथे हात लावतोय, धमकी देऊन गप्प करतोय, तिथे मुलाने उभं राहून वाद घालायची अजिबात गरज नाही. तिथून निघायचं आणि विश्वासाच्या माणसाला सांगायचं, त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, तिसऱ्याला, कोणीतरी ऐकेपर्यंत. मुलाला आधीच तीन नावं ठरवून द्या, त्यातलं एक घराबाहेरचं असू दे. आणि ते त्या वेळी बोलू शकलं नाही तर "तेव्हाच का नाही बोललीस" हे कधीही, कधीही विचारू नका. भीतीने गोठून जाणं हा त्याचा दोष नाही.

काही जण म्हणतील, मी ऐकलंय हे बऱ्याचदा, की जग कुठे न्यायाने चालतं, सवय झालेली बरी, नाहीतर पुढे त्रास होईल. मला हे पटत नाही आणि मी पटवून घेणार नाही. जगात अन्याय भेटणारच आहे, त्याची वेगळी प्रॅक्टिस आपण घरातून आणि वर्गातून द्यायची गरज नाही. उलट ज्या मुलाने लहानपणी एकदा तरी बघितलंय की मी बोललो आणि गोष्ट बदलली, किंवा बदलली नाही तरी मला नीट उत्तर मिळालं, त्याला पुढे ऑफिसात, बाजारात, नात्यात कुठेही वाकडं चाललेलं कळतं आणि तिथे काय करायचं हे माहीत असतं. दुसरी काळजी असते की मुलं उद्धट होतील. माझा अनुभव असा, की ज्यांचं ऐकलं जातं त्यांना आवाज चढवावा लागत नाही. ज्यांचं दहा वेळा ऐकलं नाही ती अकराव्यांदा ओरडतात, दार आपटतात, नाहीतर बोलायचंच सोडतात, आणि हे शेवटचं मला उद्धटपणापेक्षा जास्त घाबरवतं, कारण गप्प मूल सगळ्यांना गुणी वाटतं.

तर मागणं काय आहे माझं, ते सरळ सांगते. शाळेत तक्रारपेटी लावून भागत नाही, ती उघडणार कोण, किती दिवसांत उत्तर देणार, आणि तक्रार पेटी उघडणाऱ्याबद्दलच असेल तर ती जाणार कुठे, हे लिहून मुलांना वाचून दाखवा. आठवड्यातला एक तास, तास नसेल तर अर्धा, वर्गाने गोल बसून आपल्या वर्गाच्या नियमांवर बोलायचा ठेवा, आणि त्यात टीचरच्या वागण्यावर बोलायला परवानगी असू दे. अख्ख्या वर्गाला शिक्षा हा प्रकार बंद करा, कोणी केलं ते कळलं नाही तर नाही कळलं, त्या दिवसापुरतं सोडून द्या. कोणाला शिक्षा करण्याआधी त्याला एक वाक्य बोलू द्या, कितीही घाई असली तरी. आणि पालकांनो, टीचरनी आपल्या मुलाचं म्हणणं मान्य करून निर्णय बदलला तर ग्रुपवर त्यांना कमकुवत ठरवू नका, तसंच मुलाने तक्रार सांगितली की लगेच शाळेवर धावूनही जाऊ नका, आधी त्यालाच विचारा की मी काय करू, तू बोलतोस का मी बोलू. बऱ्याचदा त्याला स्वतःलाच बोलायचं असतं, आपण फक्त दाराबाहेर उभं राहायचं असतं.

पुढच्या पालकसभेत मार्क आणि युनिफॉर्म यांच्याआधी हा विषय घ्यावा अशी माझी विनंती आहे, आणि त्या सभेत दोन-चार मुलांनाही बसवा, प्रत्येक इयत्तेतलं एक तरी. त्यांना आधी आठवडाभर सांगून ठेवा की तुम्हाला काय विचारणार आहोत, म्हणजे ती वर्गात सगळ्यांशी बोलून येतील.

तुमचीच,
एक आई